सहाव्या जागेवरची टाळी

७ जुलै

सहाचा पाढा फळ्यावर लिहिला आणि तोंड उघडेना. बायको गेल्यापासून हे असंच. मे महिन्यात नलूला ताप आला, तो मेंदूत गेला आणि आठवड्यात सगळं संपलं. तेव्हापासून रडू नाही, राग नाही, भूक नाही.

पोरांना म्हटलं, व्हरांड्यात गोल करा. एकापासून मोजत जायचं. सहाच्या पाढ्यातला आकडा आला की बोलायचं नाही — टाळी. कुणी चुकलं की सगळ्यांनी परत एकपासून. तिसरी-चौथी मिळून बारा जण. त्यांनी आपला आपणच खेळ चालवला. मी खांबाला टेकून उभा राहिलो. बोलावं लागलं नाही, तेवढंच बरं.

८ जुलै

परत टाळीच. पोरं मागतात. मला काही वाटत नाही.

१० जुलै

खेळ प्रेरणापाशी तुटतो. माझीच पोरगी, चौथीत. आकडे येत नाहीत असं नाही — ती बोलतच नाही. आई गेल्यापासून घरात नाही, शाळेत नाही. यवतमाळला डॉक्टरला दाखवलं. गळा ठीक आहे, कान ठीक आहेत, वेळ द्या म्हणाले. गोलात ती तिसरी उभी असते. एक, दोन — मग शांतता. पायाच्या अंगठ्याकडे बघत राहते. पोरं परत एकपासून सुरू करतात. कुणी तिच्यावर चिडत नाही.

संध्याकाळी कळंबहून सासूबाईंचा फोन. पोरगी माझ्याकडे राहू द्या म्हणाल्या, तुम्ही एकटे माणूस, तिची वेणी कोण घालते, तिले कोण पाहते. महिन्याच्या शेवटच्या रविवारी न्यायला येतात.

हो म्हटलं. नाही म्हणायलाही जोर लागतो.

१५ जुलै

आज निकितानं गोल मोडला. ही चौथीतली, आई शेतात निंदणाला गेली की धाकट्या भावाला सोबत घेऊन येणारी. सगळ्यांना हाताला धरून हलवलं. प्रेरणाला सहावी उभी केली. मी विचारलं, काहून?

"सर, आपण बारा जण आहो. सहाव्या जागी कधीबी टाळीच येते. तिले बोलाच नाही लागत."

मी मनात मोजलं. सहा, अठरा, तीस, बेचाळीस, चोपन्न. खरंच. हे मी शिकवलं नव्हतं! पोरीनं घरी बसून हिशोब केला असणार.

पोरं पहिल्यांदाच साठपर्यंत गेली. प्रेरणाची टाळी प्रत्येक वेळी बरोबर. शेवटी पोरं ओरडली. मी हजेरी घेतली.

१६ जुलै

सासूबाईंना प्रेरणाच्या फ्रॉकचं माप कळवलं. आज पाऊस.

२२ जुलै

कसं लिहू.

शेवटी उभा राहणारा रोशन आज मामाच्या गावी गेलेला. अकराच जण. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही. पहिली फेरी नेहमीसारखी, सहाला प्रेरणाची टाळी. दुसऱ्या फेरीत तिच्या आधीचा पोरगा 'सोळा' म्हणाला आणि सगळे एकदम थांबले. निकिता बोटं मोजत चुकलं चुकलं म्हणत होती. प्रेरणानं हात उचलले होते टाळीसाठी. ते तसेच राहिले.

"सतरा."

बारीक, घोगरा आवाज. नलूसारखा अजिबात नाही — तिचा तिचा. पुढच्या पोरानं गडबडीत टाळी वाजवली, अठराची. खेळ पुढं गेला. मी खडू धरून उभा होतो.

२३ जुलै

सासूबाईंना फोन केला. या, चार दिवस राहा, पण तिला नेऊ नका.

२७ जुलै

सासूबाई आल्या. स्वयंपाक त्यांनी केला. जेवताना मी प्रेरणाला विचारलं, बाई, इतके दिवस बोलली काहून नाही?

"तुमीच म्हणलं होतं ना बाबा. आईले नेलं तवा. आता कोणी काही बोलू नका म्हणून."

मला आठवतसुद्धा नाही. घर माणसांनी भरलं होतं, त्यांना म्हणालो असेन. तिनं ते पाळलं.