चेनसॉच्या संचातून बूट वगळण्यास हरकत

दि. १० मार्च

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
उद्यान विभाग, मुख्य कार्यालय.

विषय : चेनसॉ (साखळीची यंत्रकरवत) चालवणाऱ्यांचे संरक्षक बूट यापुढे खरेदी न करण्याच्या प्रस्तावाबाबत.

संदर्भ : कार्यालयाच्या फलकावरील दि. ४ मार्चची सूचना (हरकतीची मुदत सात दिवस).

महोदय,

१. सदर अर्जदार ही आपल्या विभागाच्या वृक्षछाटणी पथकातील चेनसॉचालकाची पत्नी असून पदवीधर आहे व साडेतीन वर्षांच्या एका मुलीची आई आहे. हरकत खरे तर चेनसॉचालकांनीच घ्यायची. परंतु ते गेले सहा दिवस "लिहितो गं, पेन सापडू दे" असे म्हणत आहेत. पेन त्यांच्या खिशात आहे. मुदत उद्या संपत असल्याने अर्जदाराने हे काम स्वतःकडे घेतले.

२. सूचनेत असे म्हटले आहे की, गेल्या तीन वर्षांत पथकातील कोणाच्याही पायाला इजा झाल्याची नोंद नाही. उलट बुटांचीच एक जोडी निकामी झाली. सबब असे बूट घेणे फायद्याचे नसून ते चेनसॉच्या संचातून वगळावेत. अर्जदाराने हे वाक्य फलकासमोर उभे राहून तीनदा वाचले. डोके कोरडे राहिले आणि छत्री तेवढी भिजली, म्हणून छत्री टाकून द्यावी, असे काहीसे ते आहे. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. त्याला बुटांची हकीकत माहीत नसावी, म्हणून ती येथे सांगणे भाग आहे.

३. बूट गेल्या वर्षी आले, तेव्हा त्यांची नोंद एकाच संचात झाली : एक चेनसॉ, एक हेल्मेट, एक जोडी बूट. सकाळी संच द्यायचा, संध्याकाळी पूर्ण परत घ्यायचा. परत घेताना भांडारपाल काका बूट खिडकीच्या उजेडात धरून, फिरवून फिरवून पाहत व ओरखडा दिसल्यास वहीत लाल शाईने लिहीत. याचा परिणाम असा झाला की, चेनसॉचालक बूट घालून झाडापर्यंत जात, तेथे ते काढून वर्तमानपत्रावर जोडीने नीट मांडून ठेवत आणि रबरी चपला घालून फांद्या कापत. काम आटोपले की पुन्हा बूट. बूट कसे नवे कोरे! काकांनी त्यांना दोनदा शाबासकीही दिली. घरी कोणाला याचा पत्ता नव्हता.

४. पत्ता लागला तो कन्येमुळे. वडील घरी आले की ती त्यांच्या पायाची बोटे मोजते. दहापर्यंतचे आकडे ती या बोटांवरच शिकली. (ही सवय अर्जदाराने मुद्दाम लावली, हे मान्य आहे.) एका संध्याकाळी ती सहावर अडली आणि म्हणाली, "आई, बाबांच्या बोटात भुसा." अर्जदाराने वाकून पाहिले. बंद बुटातून बोटांच्या बेचक्यांपर्यंत लाकडाचा भुसा गेला कसा, असे विचारता चेनसॉचालक छताकडे पाहू लागले.

"अगं, बुटाला ओरखडा आला की काका तोंड पाडतात."

"आणि पायाला आला तर?"

"आठ वर्षांत आलाय का कधी?"

"तो काय आधी चिठ्ठी पाठवून येणार आहे?"

त्या संध्याकाळी अर्जदाराचा आवाज जिन्यापर्यंत गेला असल्याचे शेजारच्या मावशींनी कळवले. त्यांची माफी मागून झाली आहे.

५. दुसऱ्या दिवशी अर्जदार कन्येला कडेवर घेऊन भांडारात गेली. काका मनाचे चांगले आहेत. त्यांनी कन्येला स्टुलावर बसवले, हाती बिस्कीट दिले. पण म्हणाले, "हे बघ पोरी, बूट माझ्या वहीत आहेत. पाय माझ्या वहीत नाहीत." त्यावर अर्जदार म्हणाली, "मग घ्या ना लिहून, काका. डावा एक, उजवा एक. सकाळी धडधाकट दिले, संध्याकाळी धडधाकट परत हवेत." काका हसले खरे, पण त्यांनी लिहून घेतले. ती नोंद वहीच्या शेवटच्या पानावर आहे, ती आपण जरूर पाहावी. त्या दिवसापासून बूट पायात राहू लागले.

६. नंतर अकराव्या दिवशी, शाळेच्या कुंपणालगतची वाळकी फांदी कापताना ती अंदाजाआधीच तुटली, आणि चालू चेनसॉ घसरून चालकाच्या डाव्या पावलावर आला. बुटाच्या आत लांब धाग्यांचे थर असतात, ते साखळीत गुंतले व साखळी जागच्या जागी थांबली. दोरी धरणारे सहकारी सांगतात की, चेनसॉचालकांचे पहिले वाक्य होते, "बूट गेला रे. काकांना काय सांगू आता?"

त्या संध्याकाळी कन्येने दहापर्यंत मोजले. मग अर्जदाराने मोजले. चहा ठेवला, आणि आधण येईपर्यंत पुन्हा एकदा मोजले.

इजेची नोंद नाही, ती यामुळे. इजा झाली असती तर नोंद झाली असती, आणि मग बूट फायद्याचे ठरले असते! पदवी असूनही हा हिशोब अर्जदाराच्या डोक्यात शिरत नाही.

७. आजमितीस वहीप्रमाणे बूट संचात आहेत, पण फाटलेले आहेत. संच अपुरा, म्हणून काका चेनसॉ कपाटाबाहेर काढत नाहीत. आपण प्रस्तावावर सही केली की बुटांवाचून संच पूर्ण होईल, कपाट उघडेल, आणि चेनसॉचालक पुन्हा चपलांत झाडाखाली उभे राहतील. सगळी धास्ती या एका सहीची आहे. तरी विनंती की, ती करू नये. आळीपाळीने चेनसॉ धरणाऱ्या चौघांनाही ज्याच्या त्याच्या मापाचे बूट मिळावेत. आणि बुटावर ओरखडा दिसल्यास लाल शाईऐवजी निळी वापरावी, कारण तो अंगावर घेणे हीच बुटाची नोकरी आहे.

८. शनिवारच्या वाऱ्यात कार्यालयाच्या फाटकावर मोठी फांदी आडवी पडली असून आपण रोपवाटिकेच्या ठेंगण्या दारातून वाकून ये-जा करता, हे अर्जदाराने काल पाहिले. त्या गोष्टीचा या अर्जाशी संबंध जोडू नये. चेनसॉचालकांना सहज विचारले असता ते म्हणाले, "अर्ध्या तासाचं काम आहे. बूट असले की." हे शेवटचे तीन शब्द त्यांना कोणी शिकवलेले नाहीत. ते त्यांच्या तोंडून प्रथमच आले, म्हणून अर्जदाराने ते लगेच लिहून ठेवले, त्यांच्याच खिशातल्या पेनाने.

आपली नम्र, आणि साडेपाच वाजल्यापासून दाराकडे कान लावून बसणारी,

(सही)
चेनसॉचालकाची पत्नी

सोबत :

१) डावा बूट, एक. (बाहेर आलेले धागे ओढू नयेत. अर्जदाराने ओढून पाहिले, ते संपत नाहीत.)

२) वर्तमानपत्रावर पेन्सिलीने काढलेली चौघांच्या पावलांची मापे. कोपऱ्यातले पाचवे, छोटे पाऊल कन्येचे असून ते मागणीत धरू नये. तिने त्या एकाच पावलाला आपली बोटेही मोजून घातली आहेत. ती दहाच आहेत.