चार शब्दांचा पासवर्ड

सोमवार, ३ जून
शुश्रूषागृहात नेटवर्क सांभाळायची नोकरी लागली, आणि त्याहून मोठं म्हणजे बाबांना सहा नंबरची खाट मिळाली! ठकी आता पगार घेऊन माझ्यावर पाळत ठेवणार, असं ते दिसेल त्याला सांगत सुटलेत. मला ठकी म्हणणारे तेवढेच उरलेत. इथल्या प्रत्येक खाटेशी श्वासाचं यंत्र आहे; काही बिघडलं की ते वाय-फायवरून सिस्टरांच्या टेबलावर अलार्म वाजवतं. एनक्रिप्शन मात्र इतकं जुनं, की दार आहे पण कडी नाही.

बुधवार, ५ जून
सगळं डब्ल्यूपीए-थ्री या नव्या, पक्क्या एनक्रिप्शनवर आणलं. चौदाही यंत्रं स्वतः जोडली, पासवर्ड कुणाला सांगितला नाही. चार शब्द, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही: कात्री, डोंगर, इस्त्री, मुंगी. लोकांना लिहून ठेवू नका म्हणून दटावते आणि स्वतः वहीत उतरवते! काय करणार, माझं डोकं म्हणजे चाळणी.

शुक्रवार, ७ जून
सकाळी वाय-फायला जोडलेल्या उपकरणांच्या यादीत पंधरावं उपकरण दिसलं. नाव नाही, सिग्नल क्षीण, लांबून कुठूनसा. पहिल्याच प्रयत्नात आत आलं आणि दहा मिनिटांनी गेलं. त्या दहा मिनिटांत चार नंबरच्या आजी गेल्या. अलार्म वाजलाच नाही. पासवर्ड बदलला: पणती, विमान, कांदा, शाळा.

शनिवार, ८ जून
पुन्हा आलं. सिग्नल वाढलाय. पाच नंबरचे मास्तर गेले, अलार्म गप्प. वाय-फाय बंदच करू म्हटलं, तर मेट्रन म्हणाल्या, मग सगळ्याच खाटा मुक्या होतील. पुढची खाट बाबांची आहे.

सोमवार, १० जून
परवा बदललेला पासवर्ड इथे लिहिला नाही. तेव्हापासून ते येतं, अडतं, परत जातं. म्हणजे ते माझी वही — पण वही तर माझ्याच पिशवीत असते. आता कपाटात कुलपात ठेवतेय. यापुढे लिहिणं बंद.

मंगळवार, दुपार
बाबांजवळ बसलेय. कपाटाची किल्ली गळ्यात आहे. वही मांडीवर आहे. मी आणली नाही.
यादीत ते थांबलंय. सिग्नल पूर्ण — म्हणजे याच खोलीत —
बाबा झोपलेत. मला लिहायचं नाहीये, हात —
शिंपला, तांब्या, सायकल
चौथा नाही. बाबांचा शब्द आहे तो, नाही देणार, नाही दे —
ठ