बंदूक घेऊन एकटीच निघाले

बाबा,

तू आंघोळीला गेलास तेवढ्यात कॅब बोलावून मी विमानतळावर निघाले. मुद्दामच. चिडायचं तर चीड, पण मागोमाग येऊ नकोस.

तुझी दुनळी रिकामी करून पेटीला कुलूप लावलंय. काडतुसं वेगळ्या डब्यात आहेत. माझंही नाव असलेलं लायसन आणि दिल्लीच्या स्पर्धेचं पत्र हातातच ठेवलंय. काउंटरवर गेल्यागेल्या आपणहून सांगेन की सोबत बंदूक आहे. तुझं जॅकेट मात्र घरीच ठेवलं. त्याच्या अस्तरात तू शेतातली डुकरं मारायचास तेव्हाचं एक काडतूस निघालं. तपासणीत ते अंगावर सापडलं असतं तर मी दिल्लीऐवजी पोलीस चौकीत बसले असते. ते कपाटात बंद केलंय, चावी देव्हाऱ्यात आहे.

गेल्या वेळी विमानतळाच्या गेटवर त्या जवानाने कागद मागितले, ते त्याचं कामच होतं. तू त्याला म्हणालास, "ह्यो गेट माझ्या खल्यावर हाय, मना काय कागद इचारतस?" वर पेटीवर थाप मारून शिकारीच्या गोष्टी. विमान गेलं, स्पर्धाही गेली. नंतर आठवडाभर मी तुझ्याशी बोलले नाही, ते मात्र माझं चुकलं.

भाकऱ्या टोपलीत आहेत. सुकटीचं कालवण गरम करून घे.

रविवारी संध्याकाळी न्यायला ये. तेव्हा घाई नसेल. आपलं खळं नक्की कुठे होतं ते मला तिथे उभं राहून दाखव. विमानतळासाठी गाव उठलं तेव्हा मी सातवीत होते. आता त्या गेटवर मला आपलं काहीच ओळखू येत नाही.

किशोरी