सावरशेतचा हुंकार

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

आले बाई एकदाची! लोणीहून निघताना आप्पांनी दहादा बजावलं होतं की सावरशेत म्हणजे मढच्याही पुढचं गाव, तिथं धुकं आणि म्हशी सोडून काही भेटायचं नाही, वाचायला सोबत ने. मघाशी फोन करून त्यांना ऐकवलं, आप्पा, तुमचा अंदाज साफ चुकला. इथं वाचनालय आहे. तीन हजारांवर पुस्तकं, सगळ्यांना खाकी कव्हरं, आणि दर रविवारी दुपारी तीनला वाचणाऱ्यांची बैठक. आप्पांनी पुस्तकांचा आकडा पुन्हा विचारला. मग म्हणाले, माझीच बदली करून घे तिकडं.

जनावरांच्या दवाखान्याचं मात्र विचारू नये. एक खोली, एक टेबल, आणि लाइट असली तरच लस गार ठेवणारा फ्रीज. बाई माणूस बैलाला सुई टोचणार म्हटल्यावर दोघा-तिघांनी तोंडं वाकडी केली. करा म्हटलं. सरकारनं पशुधन पर्यवेक्षक म्हणून मला पाठवलंय, तोंडं बघायला नाही.

राहायला हर्षालीच्या घरची वरची खोली. ही ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर असते, नवरा चाकणला कामाला. माझ्याच वयाची. भाकरी थापतानासुद्धा पुस्तक डब्याला टेकवून मोठ्यानं वाचत असते. म्हटलं, जमलं आपलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

पहिली बैठक. आम्ही पाचच जण. सावळेराम गुरुजी निवृत्त शिक्षक, वाचनालयाच्या किल्ल्या त्यांच्या करगोट्याला. गोकुळभाऊ टोमॅटोची पिकअप मंचरला नेतो आणि बाजारात नंबर लागेपर्यंत स्टिअरिंगवर पुस्तक ठेवून वाचतो. हर्षाली, मी, आणि साळुबाई. साळुबाईला अक्षर ओळखता येत नाही. तिचं काम हुंकार देण्याचं. कोणी सांगायला लागलं की दर दोन वाक्यांनी ती हूं म्हणणार. आमची आजीही हुंकाराशिवाय गोष्ट पुढं नेत नसे, त्यामुळं मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

प्रत्येकानं सध्या काय वाचतोय ते सांगायचं. मजा म्हणजे इथं कोणी थोडक्यात आटपत नाही, अख्खं पुस्तक सांगतात, घाम फुटेस्तोवर. नियम एकच. ज्यानं सांगायला घेतलं त्यानंच ते पुरं करायचं. उरलं तर सगळ्यांसमोर म्हणायचं की उरलेलं मी सांगेन. आप्पांना हे फारच पटलं. लोणीच्या विहारात रविवारी वंदनेनंतर ते लोकांना वाचून दाखवतात, तेही अर्धं सोडत नाहीत.

परतताना हर्षालीनं विचारलं, तुला कसलं वाचायला आवडतं. खरं ते सांगून टाकलं. छापलेलं ठीकच, पण कुणाच्या हातची वही, जुनी पत्रं, रोजनिशी सापडली की मी जेवण विसरते, आणि वडील, म्हणजे आप्पा, माझ्या वरताण. तिनं आप्पांचं किती बारीकसारीक विचारलं! किती वर्षांनी अशी मैत्रीण मिळाली मला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सापडलं! घबाड सापडलं!

हर्षालीनं कपाटं पुसायला मदतीला बोलावलं होतं. खालचा कप्पा तू घे म्हणाली. मागच्या रांगेत लाल कापडी बांधणीची वही. भिमाजी नावाच्या वायरमनची रोजनिशी, सन २००९. हाही माझ्यासारखाच नवा आलेला, हाही बैठकीला जायचा. खांबावर चढून दिसणाऱ्या गावाचं असं वर्णन केलंय की मी फरशीवर बसूनच वाचत राहिले. पुढं पुढं गडी घाबरलेला दिसतो. लिहितो की एकटा असताना कोणीतरी हुंकार देतं. नोंदी तुटक होत जातात आणि शेवटची मधेच थांबते. अक्षरसुद्धा अर्धं राहिलंय. अंगावर काटा आला, आणि खोटं कशाला बोलू, मजाही आली.

हर्षाली म्हणाली, तिनं ही कधी बघितलीच नव्हती. हातात मात्र घेतली नाही. म्हणाली, तुझा शोध आहे, रविवारी तूच सांग. आप्पांना फोनवर सांगितलं तर ते हटूनच बसले, येताना घेऊनच ये म्हणून.

२४ नोव्हेंबर, रविवार

सांगितली. आणि काय रंगली म्हणून सांगू! गुरुजींनी चष्मा काढून ठेवला होता. गोकुळभाऊची नजर जमिनीवर. मी अर्ध्यावर आले तेव्हा चार वाजून गेलेले, घसा सुकलेला. म्हटलं, उरलेलं पुढच्या रविवारी मी सांगेन.

हे म्हणताक्षणी हर्षाली रडायला लागली. मला वाटलं, गोष्ट भिडली. साळुबाई उठली, लुगडं सावरलं आणि चहासुद्धा न घेता निघून गेली. जाता जाता म्हणाली, लई गोड सांगतीस गं पोरी, नको व्हतं सांगायला.

तिच्या जाण्यानं हिरमोड झाला, म्हणून दोन-चार वाक्यं आणखी सांगितली. त्या वाक्यांनाही हुंकार आला. मागून, कपाटाकडून. मी वळून बघितलं, मागं कोणी नव्हतं. बाकी कोणीच वळलं नाही.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

खुळ्यासारखं लिहितेय, पण लिहायला हवं. आज दवाखान्यात एकटीच लसीचा हिशेब मोठ्यानं म्हणत होते. इतक्या म्हशी झाल्या, इतक्या राहिल्या. हूं. अगदी स्पष्ट. पुरुषाचा नाही, बाईचाही नाही. टेबलाखाली, कपाटामागं, सगळं बघितलं. मांजरही नाही.

आप्पांशी बोलत होते तर ते मधेच म्हणाले, तुझ्याजवळ कोण बसलंय गं हुंकार द्यायला? लई तल्लीन होऊन ऐकतंय.

मी म्हटलं, हर्षाली. हर्षाली तर खाली धुणं धूत होती. गंमत म्हणजे दोन दिवस तिनं पुस्तक हातात धरलेलं नाही. नुसती गाणी गुणगुणते.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

आता ते फक्त हूं म्हणत नाही. मग? असं विचारतं. शेळीचा पाय बांधत होते, तिच्या मालकाला सांगत होते की पट्टी भिजवू नको. कानाशी म्हणालं, मग? पट्टी मालकाच्या हातात देऊन निघाले.

साळुबाईच्या दारात जाऊन बसले. म्हटलं, सांगितल्याशिवाय उठणार नाही. दुपारपर्यंत ती घरातली कामं उरकत राहिली. मग शेंगा फोडत फोडत बोलली. त्या वहीची गोष्ट अर्धीच हाय. तिला शेवट न्हाई. जो सांगायला घेतो त्याच्यामागं ते लागतं, मग मग करत. शेवट आणणार कुठून? मग सांगणाराच शेवट व्हतो. भिमाजीनं ही आपलीच वही बैठकीत सांगायला घेतली, अर्ध्यावर तोंड शिवून घेतलं तर आठ दिवसांत गेला. लोकं म्हणाली बिबट्यानं नेला. पण बिबट्या काय घरात शिरून खाटेवरनं नेतोय व्हय?

विचारलं, तुम्ही बैठका कशाला घेता? म्हणाली, दुसरं पुस्तक पोटभर सांगितलं की ते चार दिवस निजतं. एकदा सांगितलेलं त्याला पुन्हा चालत न्हाई. म्हणून तर एवढी पुस्तकं.

आणि मी यांना वाचनवेडे समजत होते! वेड कसलं, भीती ती.

सुटका एकच. दुसऱ्यानं ती वही आपल्या तोंडानं सांगायला घेतली पाहिजे. मग जुन्याला सोडतं, नव्याला धरतं. माझ्याआधी कोणी घेतली होती, हे मला विचारावं लागलं नाही. भाकरी थापताना मोठ्यानं वाचणारी माणसं मी किती पाहिलीत?

१ डिसेंबर, रविवार

तिला समोर उभं करून विचारलं. तिनं नाकारलं नाही. म्हणाली, चौदा महिने सोसलं, वाचनालय संपत आलं, नवऱ्यालाही सांगता येईना. वही मीच तिथं ठेवायचे. तीन नवीन माणसं आली, कोणी हात लावला नाही. तुला काय आवडतं ते तू सांगितलंस, मग मी खालच्या कप्प्यातून पोथ्या काढल्या आणि वही तुझ्या हाताला लागेल अशी ठेवली.

मी तुला मैत्रीण म्हणाले होते गं. एवढंच बोलता आलं. हात उचलला होता तो खाली आला.

बैठकीला गेले नाही. गुरुजींनी निरोप धाडला की वाटेल ती पुस्तकं ने, दिवसभर सांगत राहा. केवढा हा दयाळूपणा! पोरगी आयती मिळाली, तिला दाणापाणी घाला.

वही वाचनालयात भिरकावून आले. कोणाच्या गळ्यात मारायची नाही. मारायची नाही म्हणजे नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

सकाळपासून दोन पुस्तकं सांगितली, भिंतीला. निजलं नाही. हर्षालीनं आधीच सांगून झालेली असणार, शिळ्यानं त्याचं पोट भरत नाही.

खाटेच्या पायथ्याशी बसतं. गादी तिथं दबते.

आप्पांचे फोन उचलत नाही. त्यांनी वही मागितली तर —

५ डिसेंबर, गुरुवार

आवाज बसलाय. थांबले की जवळ सरकतं. आज गुडघ्यापर्यंत —

हर्षाली दाराबाहेर पेज ठेवून जाते. रडते. मला तिचं रडणंही नको.

७ डिसेंबर, शनिवार

जाग आली आणि — काहीच नाही! गादी सपाट. मोठ्यानं बोलून बघितलं. ओरडून बघितलं. कोणी मग म्हणालं नाही. जिना उतरून चुलीपाशी बसले आणि तीन भाकरी खाल्ल्या, ठेच्याबरोबर. कोंबडा आरवला तरी हसू येत होतं.

हर्षाली बघत होती. म्हणाली, सोडलं ना? मी म्हटलं, तुला कसं कळलं?

ती म्हणाली, तुझे हाल बघवेनात. मीच अडकवलं, मीच सोडवायचं ठरवलं. मंगळवारीच वही गोकुळभाऊच्या पिकअपमधून मंचरला धाडली, तिथून लोणीला. काकांना तशी वही लई आवडते असं तूच म्हणाली होतीस. वर चिठ्ठी घातली, प्रज्ञाताईंनी तुमच्यासाठी पाठवली, खाली माझा नंबर. त्यांनी काल संध्याकाळी आळीतल्या लोकांना अर्धी सांगितली, फोन आला होता त्यांचा, लई खूश होते. उरलेलं रविवारी सांगणारेत.

आणि मग माझा हात धरून म्हणाली, म्हातारं माणूस आहे गं. तुझं सगळं आयुष्य पडलंय.

माझ्या नावानं. माझ्या नावानं पाठवली तिनं. आप्पांना वाटतंय लेकीनं पाठवली.

आप्पांना फोन लावला. म्हटलं, वही मिटा, एक शब्द बोलू नका. ते हसले. अगं, लोकं रविवारची वाट बघतायत, तूच पाठवलीस ना? त्यांच्या प्रत्येक वाक्यामागं कोणीतरी हूं म्हणत होतं. त्यांना वाटत होतं की मी म्हणतेय.

एसटी दोनला आहे.

८ डिसेंबर, रविवार. लोणी

विहाराच्या पायरीवर लिहितेय. आत वंदना चाललीय.

रात्रभर आप्पांना विनवलं, वही सांगू नका; कारण सांगितलं नाही. पटेना. लोकांना शब्द दिलाय म्हणाले. सकाळी आप्पा उठले तर त्यांचा आवाज बसलेला. म्हणाले, कोण सारखं मग मग करतंय गं? तेव्हा ठरवलं.

वंदनेआधी लोकांसमोर वही त्यांच्या हातातून ओढून घेतली. म्हटलं, उरलेलं मी सांगेन. आप्पा ओरडले माझ्यावर, आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाले, बापाचा एवढासा आनंद तुला बघवत नाही? चारचौघांत लाज काढलीस. खुलासा केला नाही. केला तर परत घेतील, ओळखते मी त्यांना.

पुढं रुसून बसलेत. बसू देत. रुसायला आहेत तरी.

वंदना संपली. लोकं सरसावून बसलीत. आप्पा खाकरले, आवाज मोकळा झालाय त्यांचा. माझ्याकडं बघतही नाहीत.

पायरीवर माझ्या शेजारी —

इतकं चिकटून —

आप्पा म्हणतायत, घेतलीस ना हौसेनं, सांग आता. सांगते आप्पा, पहिल्यापासून. वर बघा तरी एकदा. एक वायरमन होता, तो एका गावात नवीन —