समन्स मी घेतलंच नाही

३ मार्च
कोर्टाचा बेलीफ आला होता. हिने घटस्फोटाचा अर्ज केलाय, समन्स आहे, असं शेजारच्या काकूंना मोठ्यांदा सांगत होता. मी बाथरूममध्ये श्वास रोखून उभा. दार वाजवून दमला, गेला. आमचा वायरमन म्हणतो, कागद हातात पडला नाही तर केस उभीच राहत नाही. स्वतःचं लग्न झालेलं नाही, पण माणूस अनुभवी.
संकल्प: कागद घ्यायचा नाही. घटस्फोट आपोआप रद्द.

५ मार्च
ही माहेरी आहे. राग आहे, उतरेल. तक्रार काय, तर मी कधी वेळेवर येत नाही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला कसलं घड्याळ? लोक आत अडकतात, मी फोनवर 'निघालोच' म्हणतो, त्यांना धीर येतो. मग चहा घेऊन निघतो. शेवटी पोचतो की नाही? हिच्या ऑपरेशनलाही पोचलो होतो. तोवर हिला घरी सोडलं होतं, त्याला मी काय करणार?

२१ मार्च, सकाळ
बेलीफ जिन्यातच भेटला. नाव विचारलं. मी म्हणालो, ते बाहेरगावी गेलेत. त्याने माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघितलं. कंपनीने तिथे माझं नाव शिवलंय. वहीत काहीतरी लिहून निघून गेला. सभ्य माणूस.

९ एप्रिल
समन्स दारावर चिकटवून गेला. कोमट पाण्याने अलगद सोडवलं, न वाचता माळ्यावर टाकलं. वाचलं नाही म्हणजे मिळालं नाही. दाराचा रंग मात्र जपला. हिरवा हिनेच निवडला होता, तेव्हा मी नाक मुरडलं होतं. आता बरा वाटतो. घर खायला उठतं, पण ते इथे लिहायचं नाही असं ठरलंय.

१८ जून
बेलीफ नाही, कागद नाही. जिंकलो! वायरमनला चहा पाजला. आता ही येईलच. हिचा कप धुऊन पुढे ठेवला.
संकल्प: ही आली की रोज वेळेवर घरी. सराव आजपासून.

१९ जून
सराव उद्यापासून.

२ ऑगस्ट
धाकटा मेहुणा हिचं शिलाई मशीन न्यायला आला. मी म्हणालो, राहू दे, ती येणारच आहे. तो खाली बघत म्हणाला, भावोजी, निकाल लागला. एकतर्फी. तुम्ही हजरच नव्हता.
मी म्हणालो, पण मी समन्स घेतलंच नाही! तो म्हणाला, दारावर लावलं की मिळाल्यातच जमा.
मग म्हणाला, ताई दर तारखेला मुदत मागायची. तिचा वकीलसुद्धा वैतागला. म्हणायची, निघाले असतील, येतीलच. दाराकडे तोंड करून बसायची. तुम्ही येऊन नुसतं 'नको' म्हणाला असतात, तर तिने अर्ज मागे घेतला असता.
तिला मी यायला हवा होतो, आणि मी बाथरूममध्ये लपून जिंकत होतो.
मशीन दोघांनी धरून जिन्याने उतरवलं. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद आहे. बघतो, बघतो, म्हणतोय मी कधीचा. मधल्या मजल्यावर त्याला म्हणालो, तिला सांग, मी निघालोच.
त्याने मशीन पायरीवर टेकवलं. म्हणाला, आता कुठे, भावोजी?
माझ्या बाजूने मशीन पुन्हा उचललं.