लुधियान्याला गेलेलं मेतकूट

चंदीगड, शुक्रवार, १५ फेब्रुवारी २००८

लाज वाटतेय आणि हसूही आवरत नाहीये. कंपनीच्या ब्लॉगवर मी गोदामं कशी सांभाळावीत यावर लेख लिहिते, वर्गणीदारांना ईमेलने पाठवते, आणि कोणी उघडतसुद्धा नाही. कोणी उघडला ते कॉम्प्युटरवर दिसतं ना! आमचे बॉस भल्लासाहेब यांनी बजावलं होतं, यावेळी नाही वाचलं तर ब्लॉग बंद.

त्या धास्तीत आज माझ्याकडून ईमेलच्या याद्यांची अदलाबदल झाली. इथल्या मराठी मंडळाला पाठवायचा ईमेल, 'पुण्याहून मेतकूट आलंय, लवकर या, संपेल', इंग्रजी अक्षरांत थेट आमच्या वर्गणीदारांना, लुधियान्याच्या कारखानदारांना!

आणि त्यांनी उघडला की. जवळजवळ सगळ्यांनी! एकाने तर उलट लिहिलं, 'मॅडम जी, ये मेतकूट क्या है? हमारे लिए भी रखना।' मला वाटलं, गेली नोकरी. भल्लासाहेब खूश. म्हणाले, 'अगली बार भी मेतकूट डालो।' आता गोदामाच्या लेखात मेतकूट घालू कुठे?

मंडळाला अर्थातच गोदामाचा लेख गेला. तो एकानेही उघडला नाही. मेतकुटाच्या पुड्या ओट्यावर तशाच पडल्यात. मंडळाच्या यादीत माझा नवरा अनिलही आहे, 'तुझा प्रत्येक लेख वाचतो' म्हणणारा. संध्याकाळी सहज विचारलं, 'आजचा कसा वाटला?'

'मस्त! शेवट तर फारच छान.'

जेवताना त्याला नुसता भात वाढला. मेतकूट माझ्या वाचकांसाठी राखून ठेवलंय.