बिब्ब्याखालचा तीळ

प्रिय मोहिनी,

पोरी, फोनवर तू रडायला लागलीस की माझी वाचाच बसते, म्हणून कागद घेतला. तुझी आई ऑपरेशनला नाहीच म्हणते. टाच काढायची म्हटल्यावर तिनं माहेरची, साक्रीची बोली काढली, "माले काही व्हयेल नही. तुमना बिब्बा शे ना!" वर हसली.

जळगावच्या डॉक्टरीणबाईंना मी खोदून खोदून विचारलं. त्या म्हणाल्या, कातडीला रंग देणाऱ्या पेशीत एखादं जनुक बिघडतं नि ती उधळल्या बैलासारखी वाढत सुटते. पण लगाम तिच्यातच असतो. थोडं वाढून ती आपणच म्हातारी होऊन बसते. मरत नाही, वाढतही नाही. तोच आपला तीळ. बहुतेक तीळ जन्मभर निमूट बसून राहतात. आणखी काही बिघडून लगाम तुटला, की कॅन्सर. एवढीशी पेशी, तिला कळतं कुठं थांबायचं!

आईच्या टाचेवरचा तीळ तीन वर्षांपूर्वी पसरायला लागला. खुपतंय म्हणाली. निम्म्या पहूर गावाच्या भेगांना बिब्बा लावून देणारा मी. मला भेगच दिसली. बिब्बा दिव्यावर धरून तेलाचे चटके देत राहिलो. काळ्यावर काळं. बिब्ब्यानं रोग झाला नाही, पण झाकला गेला, असं बाई म्हणाल्या. गेल्या दिवाळीत तिचे पाय चेपताना तू विचारलंस, आबा, हे काळं कसलं? बिब्ब्याचा डाग, म्हणालो मी. पोरी, तेव्हा दोन महिने मी बिब्बा लावलाच नव्हता, डाग असता तर एव्हाना उडाला असता. मला भीती वाटायला लागली होती. पण पितांबरआबाचं औषध चुकलं, असं गावानं म्हणू नये, एवढ्यासाठी तुला फसवलं. तेव्हा आपल्याला दिसलं नाही म्हणून तू स्वतःला बोल लावू नकोस.

आता गाठ जांघेत आलीय. गुरुवारी सगळं काढलं तरी खात्री कुणी देत नाही. नाही काढलं तर काही महिनेच.

माझ्या बिब्ब्यावर तिचा भरवसा आहे तोवर ती टेबलावर चढायची नाही. मी तीनदा तिच्यासमोर बसलो, जीभ रेटली नाही. तिला वाचता येत नाही. म्हणून मंगळवारी धुळ्याहून पहिल्या गाडीनं निघ आणि हे पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखव. काही गाळू नकोस, दिवाळीचं तर मुळीच नाही. मी दारातच बसलेला असेन. ती जे बोलेल ते मला ऐकायचंय.

तुझाच, चुकलेला बाप,
आबा